सर्व्हरचं बिऱ्हाड हलवण्यापूर्वी

लिनक्सच्या सर्व्हरमधून काढलेली डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडली, की पडद्यावर एक चौकट उघडते. ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असं ती विचारते. डिस्क धडधाकट असते. तिच्यावरचं दहा वर्षांचं दप्तर शाबूत असतं. विंडोजला ते वाचता येत नाही, एवढीच काय ती अडचण. पण तसं कबूल न करता ती चौकट थेट सगळं पुसायची परवानगी मागते, आणि घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणून टाकतो. पुढे ही पुस्तिका काय काय सांगते ते वाचालच. मात्र त्या चौकटीला ‘नाही’ म्हणायचं, एवढं आत्ताच लक्षात ठेवा.

एका कार्यप्रणालीवरचा सर्व्हर बंद करून त्याचा डेटा दुसऱ्या कार्यप्रणालीवर न्यायचा, आणि दोघींची फाइल-व्यवस्था एकमेकींना परकी, असा हा विषय. मोठ्या कंपन्यांत अशा कामाला स्वतंत्र पथकं असतात. ही पुस्तिका त्यांच्यासाठी नाही, फुलसावंगीसारख्या गावांसाठी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. कापूस-सोयाबीनचा मुलूख, पैनगंगेपलीकडे माहूर आणि नांदेड जिल्हा. तिथे ग्रामपंचायतीचा, शाळेचा, पतसंस्थेचा किंवा दवाखान्याचा कोपऱ्यातला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो. त्या कॉम्प्युटरला कुणी सर्व्हर म्हणत नाही. पण चार टेबलांवरची माणसं त्याच्याच सामायिक फोल्डरमधल्या फायली उघडतात, म्हणून तो सर्व्हरच. आणि तो बंद पडला तर निस्तरायला यवतमाळहून कुणी येईल, याची खात्री नसते.

खेड्यात कॉम्प्युटर नवा नाही. राज्याच्या ग्रामविकास विभागाचा ‘संग्राम’ प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. २०१५ च्या अखेरीस तो संपला आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. संगणक परिचालक नावाचा माणूस ‘संग्राम’च्या काळापासून ग्रामपंचायतीत बसतो. त्याच्या मानधनाच्या आंदोलनांच्या बातम्या आपण वाचतो, पण त्याच्या कामाविषयी फारसं वाचत नाही. नमुना १ ते ३३ ची दप्तरं, दाखले, याद्या, ठराव आणि कामांचे फोटो असा ढीग त्याच्या हाताखाली साठत गेला. बराच भाग आता केंद्र आणि राज्याच्या संकेतस्थळांवर जातो. ‘ई-ग्रामस्वराज’ २४ एप्रिल २०२० पासून आहे. तरी संकेतस्थळावर चढवण्याआधीचं सगळं, म्हणजे मूळ याद्या, स्कॅन, कच्चे हिशेब, त्या कोपऱ्यातल्या डब्यातच राहतं.

आणि हे डबे आता बदलायला आले आहेत. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये, कारण सेंटओएस ७ चीही मुदत ३० जून २०२४ ला संपली. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही आणि नव्या यंत्राला पैसे नाहीत, म्हणून अनेक जण त्याच यंत्रावर लिनक्स टाकतात. डेटाचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

डिस्कला फाइल कळत नाही. तिला फक्त क्रमांक घातलेले ठोकळे कळतात. कोणता ठोकळा कोणत्या फाइलचा, तिचं नाव काय, मालक कोण, कधी बदलली आणि कुणाला उघडता येते, हे सगळं लिहून ठेवणारी वही म्हणजे फाइल-व्यवस्था. प्रत्येक कार्यप्रणालीने आपली वही आपल्या रीतीने आखली. मायक्रोसॉफ्टची ‘फॅट’ १९७७ ची, फ्लॉपीच्या काळातली. ‘एनटीएफएस’ १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. त्याच वर्षी लिनक्सला ‘ईएक्सटी२’ मिळाली आणि तिचीच नात ‘ईएक्सटी४’ २००८ पासून स्थिर मानली गेली. ॲपलची ‘एचएफएस प्लस’ १९९८ ची आणि तिच्या जागी आलेली ‘एपीएफएस’ २०१७ ची. सन कंपनीने घडवलेली ‘झेडएफएस’ २००५ मध्ये खुली झाली. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीने ती २००८ मध्ये घेतली. लिनक्सच्या गाभ्यात मात्र ती परवान्याच्या भांडणामुळे आजही नाही, वेगळी बसवावी लागते.

वाचता येण्याची बाजू तशी सोपी होत गेली आहे, पण एकतर्फी. एनटीएफएसची डिस्क लिनक्स बरीच वर्षं नीट वाचतो आणि लिहितो. २००७ पासून ‘एनटीएफएस-३जी’ होतं, २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ च्या गाभ्यातच तिचा नवा चालक आला. उलट बाजूने विंडोज ईएक्सटी४ आपणहून वाचत नाही. वर सांगितलेली चौकट त्यातूनच येते. म्हणून ढोबळ नियम असा, की हलवाहलवीच्या वेळी दोन्ही डिस्क लिनक्सच्या यंत्राला जोडाव्यात. जुनी डिस्क जोडताना ती ‘फक्त वाचनासाठी’ जोडावी. इथे एक खोच आहे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो, आणि त्याची डिस्क लिनक्सला अर्ध्या कामात सोडलेली दिसते. आधी विंडोजमध्येच ‘फास्ट स्टार्टअप’ काढून यंत्र खरोखर बंद करावं लागतं. या एका गोष्टीपायी डिस्क खराब झाली असं समजून माणसं दुकानात धाव घेतात.

इथवर आलं की बहुतेकांना काम झालंसं वाटतं. फायली दिसतात, ओढून इकडे टाकल्या, हिरवी पट्टी भरली. माझं म्हणणं, आणि या पुस्तिकेचंही, असं आहे की पट्टी भरल्यावर खरं काम सुरू होतं. फाइलच्या आतला मजकूर बहुधा सुखरूप येतो. हरवतं ते तिच्या भोवतीचं.

मालकी घ्या. एनटीएफएस प्रत्येक फाइलला सविस्तर परवानगी-यादी जोडते आणि माणसाला एका लांबलचक ओळख-क्रमांकाने ओळखते. लिनक्स मालक म्हणून फक्त एक आकडा लिहितो. डेबियनवर पहिल्या वापरकर्त्याचा आकडा १००० असतो, फ्रीबीएसडीवर १००१. जुन्या सर्व्हरवर १००१ म्हणजे लेखापाल आणि नव्यावर १००१ म्हणजे नुकताच लागलेला शिकाऊ पोरगा असेल, तर पगारपत्रकाची फाइल आपोआप त्याच्या मालकीची होते. कुणी चोरी केलेली नसते, कुणाला कळतही नाही.

वेळ घ्या. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून मोजतं. एनटीएफएसचं १६०१ पासून, म्हणजे शिवजन्माच्याही एकोणतीस वर्षं आधीपासून, सेकंदाच्या कोट्यंशात. दोन्ही जागतिक वेळ लिहितात, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी जमतं. फॅट मात्र स्थानिक वेळ लिहिते, तीही दोन-दोन सेकंदांच्या उड्यांनी. मध्ये फॅटचा पेनड्राइव्ह आला आणि लिनक्सने ती वेळ जागतिक समजून वाचली, तर सगळ्या फायली साडेपाच तास सरकतात. दुपारी तीनला केलेली नोंद रात्री साडेआठची दिसते. शिवाय फाइल ‘बदलली कधी’ ती तारीख नीट नेता येते, पण ‘तयार झाली कधी’ ही तारीख लिनक्सवर बाहेरून लिहिण्याची सोयच नाही. ती नक्कल झाल्या दिवसाची पडते. ठराव कोणत्या दिवशी टाइप झाला यावर वाद असेल, तर त्या तारखा हलवण्याआधी वेगळ्या यादीत उतरवून ठेवाव्यात.

पण मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतात ती नावं. इंग्रजीतली पुस्तकं या बाबतीत आपल्या कामाची नाहीत, कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या. मोठं ‘ए’ आणि छोटं ‘ए’ लिनक्सला वेगळं आणि विंडोजला एकच, यावर ती पानंच्या पानं लिहितात. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही, तो त्रास आपल्याला नाही. आपला त्रास लांबीचा आहे. एनटीएफएस नावाला २५५ चिन्हं देते. ईएक्सटी४ देते २५५ बाइट. इंग्रजीत दोन्ही सारखंच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. ‘फुलसावंगी’ दिसायला पाच अक्षरं, मोजायला नऊ चिन्हं, लिनक्सच्या डिस्कवर २७ बाइट. म्हणजे २५५ बाइटांत देवनागरीची ८५ चिन्हं मावतात आणि अक्षरांच्या हिशेबाने नाव पन्नाशीच्या आसपास संपतं.

सरकारी दप्तरात पन्नास अक्षरांचं नाव म्हणजे सुरुवात. ‘प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सन २०१९-२० मधील मंजूर लाभार्थ्यांची प्रपत्र ड यादी अंतिम दुरुस्त’ असं नाव दिलेली एक्सेलची फाइल कल्पा. अशी नावं कुठल्याही कार्यालयात सापडतील. शेपटासकट ती विंडोजच्या मोजणीत १०१ चिन्हं भरते, बिनतक्रार चालते. लिनक्सच्या मोजणीत ती २६५ बाइट होते, मर्यादेबाहेर दहा. नक्कल करणारा कार्यक्रम ‘नाव फार लांब’ असं एका ओळीत सांगून पुढे जातो. ती ओळ हजारो ओळींत वाहून जाते, आणि नेमकी अंतिम दुरुस्त यादी मागे राहते. ‘यादी १’ या नावाची चुकीची यादी तेवढी सुखरूप पोचते.

दुसरा त्रास ‘ऱ’चा. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला दोन्ही हुबेहूब. ॲपलची एचएफएस प्लस असं प्रत्येक नाव फोडून जोडीच्या रूपात साठवते. विंडोज आणि लिनक्स जसं टाइप केलं तसं ठेवतात. पुण्यात कुणी मॅकवर तयार केलेलं फोल्डर जुन्या डिस्कवरून लिनक्सच्या सर्व्हरवर आलं, की ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसतात. एकीत दुरुस्त्या होतात, दुसरी छापली जाते. शोधायला गेलं तर टाइप केलेल्या ‘ऱ’ची जी जात असेल तीच फाइल सापडते. यावर इलाज आहे. नक्कल करणाऱ्या ‘आरसिंक’ या कार्यक्रमाला नावांचं रूपांतर करायला सांगता येतं; पण तसा पर्याय असतो हे ठाऊक हवं. या ‘ऱ’ने इतका घोळ घातला आहे की पुस्तिकेत त्यावर आणखी चार पानं असती तरी मी ती काढायला सांगितली नसती.

उलट दिशेने, लिनक्सवरून विंडोजवर जाताना, वेगळे काटे लागतात. नावात विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा तारा विंडोजला चालत नाही. ‘ठराव ५: पाणीपुरवठा’ लिनक्सवर चालतं, तिकडे अडतं. नावाच्या शेवटचं टिंब विंडोज मुकाट्याने खाऊन टाकतो, आणि आपल्याकडे ‘ग्रा.पं.’ नावाचं फोल्डर कुठे नसतं? तिरकी रेघ मात्र दोघांनाही वर्ज्य. ‘७/१२’ या नावाची फाइल या दोघांपैकी कुठेच करता येत नाही, म्हणून सगळे ‘सातबारा’ लिहितात.

मधला दुवा म्हणून लोक पोर्टेबल डिस्क वापरतात. ती फॅट३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. एक्सफॅटला ती मर्यादा नाही, पण मालकी आणि परवानग्या दोन्हींवर उतरत नाहीत. लिनक्सवरून लिनक्सवर किंवा बीएसडीवर जायचं असेल, तर सगळं एका ‘टार’च्या गठ्ठ्यात बांधावं आणि तो गठ्ठा डिस्कवर ठेवावा. टार १९७९ ची, चुंबकीय फितीसाठी केलेली. मालक, वेळ, परवानगी हे सगळं ती गठ्ठ्याच्या आत लिहून ठेवते, मग बाहेरची डिस्क कुठलीही असो. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत असतील तर वायर जोडून आरसिंक चालवणं त्याहून बरं. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी पॉल मॅकेरास यांच्यासोबत १९९६ मध्ये ते लिहिलं. विंडोजच्या फोल्डरशी लिनक्सला बोलायला शिकवणारं ‘सांबा’ही ट्रिजेल यांचंच. आरसिंकचा खेड्यातला खरा गुण असा, की अर्ध्यात लाइन गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर ते झालेलं सोडून उरलेलं उचलतं. माउसने ओढलेली नक्कल अर्ध्यात तुटली की कुठवर झालं ते कळत नाही.

झेडएफएसचा प्रश्न निराळा आणि त्यामानाने सुखाचा. तिच्यात एका क्षणाचं चित्र गोठवून ते प्रवाहासारखं दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येतं, आणि २०२० पासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी एकाच मूळ संहितेवर चालत असल्याने दोघांत ते सरळ होतं. नव्या आवृत्तीत बांधलेला साठा जुनीला उघडता येईलच असं नाही, एवढं जपायचं.

डेटाबेसच्या फायली कधीही थेट उचलू नयेत. मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, आधी त्याच्याकडूनच सगळा मजकूर साध्या आदेशांच्या फाइलमध्ये ओतून घ्यावा आणि नव्या ठिकाणी भरावा. विंडोजवर मायएसक्यूएलला तक्त्याच्या इंग्रजी नावातलं लहान-मोठं अक्षर सारखं वाटतं, लिनक्सवर वाटत नाही. वर्षानुवर्षं चाललेला कार्यक्रम पहिल्याच दिवशी ‘तक्ता सापडत नाही’ म्हणतो. पोस्टग्रेसचं दुखणं तर लिनक्सवरून लिनक्सवर जातानाही होतं. २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ ग्रंथालयाने अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. ज्यांनी नव्या आवृत्तीवर जुनीच डेटा-निर्देशिका उचलून ठेवली त्यांच्या अनुक्रमणिका बिघडल्या. नोंद तक्त्यात असायची आणि शोधल्यावर मिळायची नाही.

आणि जुनी मराठी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या काळात टाइप केलेल्या बहुसंख्य फायलींत खरं तर मराठी नाहीच. आत आहेत इंग्रजी अक्षरांचे संकेत, त्यांना मराठीचा चेहरा देतो तो त्या यंत्रावरचा फाँट. अशी फाइल नव्या सर्व्हरवर बाइटन्‌बाइट अचूक पोचते आणि उघडल्यावर अगम्य दिसते. जुनं यंत्र भंगारात देण्याआधी त्यातले फाँट उतरवून घ्या, मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करा. मूळ फाइल तरीही फेकू नका. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरांत चुका करतात, आणि आडनावांत जोडाक्षरं भरपूर असतात.

आता पडताळणीकडे येतो. महाराष्ट्राने डेटा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचा जो सगळ्यात मोठा उद्योग केला, तो सातबाऱ्याचा. तलाठ्याच्या हस्तलिखित दप्तरातून नोंदी कॉम्प्युटरमध्ये गेल्या, तेव्हा क्षेत्र, नाव, इतर हक्क यांत चुका शिरल्या. आकडे मोजून त्या सापडणाऱ्या नव्हत्या. २०१७ मध्ये महसूल विभागाने चावडी वाचनाची मोहीम घेतली. कॉम्प्युटरमधला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, आक्षेप असेल तर नोंदवायचा. दुरुस्त्या ‘री-एडिट’ नावाच्या आज्ञावलीतून झाल्या, तहसीलदारांच्या मंजुरीने, लेखनप्रमाद दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचं कलम १५५ होतंच. त्यानंतर, २०१८ च्या महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. मोहिमेनंतरही काही चुका राहिल्याच, आणि त्या निस्तरायला तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे शेतकरी आपण पाहतो. पण क्रम बरोबर होता. आधी वाचून घेतलं, मग नव्या प्रतीला कायद्याचं वजन दिलं.

कॉम्प्युटरच्या जगात या वाचनाचा पहिला भाग यंत्र करतं. प्रत्येक फाइलचा ‘एसएचए-२५६’ ठसा जुन्या ठिकाणी काढायचा, नव्या ठिकाणी काढायचा, आणि दोन याद्या ताडून पाहायच्या. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. पण ठसा फक्त आतल्या मजकुराचा असतो. मालक बदलला, तारीख सरकली, तर त्याला पत्ता नसतो. पोचलीच नाही अशी फाइल तर याद्या ताडल्याशिवाय कळत नाही. म्हणून दुसरा भाग माणसांनी करायचा. लेखापालाला बसवून त्याचं पत्रक उघडायला लावायचं, शिकाऊ पोराला तेच उघडायला लावून ते उघडत नाही ना हे पाहायचं, ग्रामसेवकाला मागच्या वर्षीचा ठराव शोधायला सांगायचा. पुस्तिकेत याला स्वतंत्र प्रकरण आहे. माझ्या मते ते पहिलं हवं होतं. लेखकाने शेवटी ठेवलं आहे. वाचकाने हवं तर तिथूनच सुरुवात करावी.

एका बाबतीत माझं लेखकाशी पटलेलं नाही. जुनी डिस्क महिनाभर ठेवावी असं ते लिहितात. ग्रामपंचायतीच्या कामात महिना काहीच नाही. कर मागणीची नोंदवही, लेखापरीक्षण, मार्चअखेर, सगळं वर्षाच्या फेऱ्याने येतं. निदान एक लेखापरीक्षण नव्या सर्व्हरवरून पार पडेपर्यंत जुनी डिस्क काढून, वर तारीख आणि ‘एनटीएफएस, फॉरमॅट करू नये’ असं लिहून कपाटात कुलूपबंद ठेवावी. खर्च फक्त जागेचा आहे.

ज्यांचं विंडोजचं यंत्र अजून चालू आहे, त्यांनी पुस्तिका पुरती वाचून होण्याची वाट पाहू नये. दुसऱ्या प्रकरणात लांब नावं शोधून काढणारा छोटा आदेश दिला आहे. तो आजच चालवा. ज्या फायलींच्या नावात ऐंशीहून जास्त देवनागरी चिन्हं सापडतील त्यांची यादी कागदावर काढा आणि नवी, आखूड नावं त्या त्या टेबलावरच्या माणसाला विचारून ठरवा. ती यादी कोणत्या वर्षाची आणि कुणाच्या सहीची, हे त्यालाच ठाऊक असतं.